दुधीचे साक्षीदार

आमच्या मेसच्या काकू डाएटवर असल्या की आकुर्डीतली चाळीस माणसं डाएटवर असायची. आम्हाला कुणी विचारत नसे. शिफ्टच्या बसमध्ये बसून डबा उघडायचा, भाजीच्या जागी फिक्या हिरव्या फोडी दिसायच्या, आणि समजून जायचं की काकूंनी पुन्हा मनावर घेतलंय.

त्यांचा हिशेब सरळ होता. "मला जे खायला बंदी, त्याचा वास मी कामून घेत बसू? मी दुधी खायलेय तर तुमी बी खा. दुधीनं कुणी मेलेलं मी तरी ऐकलं न्हाई."

काकू लातूरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी आकुर्डीला आल्या, नवरा गेल्यावर स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड एवढ्यात मेस चालवून मुलीला इंजिनीअर केलं. मी त्यांच्याकडे सात वर्षं जेवलो. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात इन्शुरन्सच्या डेस्कवर नोकरी लागली तेव्हा इथं माझं ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी ताटावर बसलो तर त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही. विचारलं, "काय खात न्हाईस?"

"कारलं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी कारलं झालो. मेसमधल्या प्रत्येकाचं असंच होतं. चाकणला वेल्डिंग करणारा एक उंच पोरगा होता, तो गवार. हिंजवडीला जाणारा चष्मेवाला शेपू. चिपळूणचा एक होता, त्याला खोबऱ्याशिवाय कुठलीच भाजी चालत नसे, म्हणून त्याला त्या 'सगळंच' म्हणायच्या. रस्त्यात भेटल्या तरी पन्नास फुटांवरून हाक यायची, "ए सगळंच, दोन दिस जेवायला न्हाई आलास?" बरोबरच्या माणसांना काय वाटत असेल ते वाटो. काकू म्हणायच्या, "तुमची नावं पाठ करून मला काय करायचंय? माणूस काय खात न्हाई ते कळलं की सैपाकघरापुरता कळला."

त्या खूप जाड होत्या. हे मी असंच लिहितो, कारण त्यांना घुमवून बोललेलं खपत नसे. कुणी 'तब्येतीनं जरा' असं म्हणायला लागलं की त्या मध्येच तोडायच्या, "जाड म्हण. तब्येत तुझी बी हाय, माझी बी हाय." प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. गवारीनं कंपनीत साहेबांची परवानगी काढून त्यांना लोखंडी अँगलचं एक स्टूल करून दिलं होतं. ते शेडमध्ये गॅसच्या बाजूला असायचं आणि त्यावर बसून त्या पोळ्या लाटायच्या, भाजी निवडायच्या, आम्हाला झापायच्या. एकदा नवीन आलेला एक मेंबर, त्या स्टुलावर टेकताना ते करकरलं म्हणून, फिसकन हसला. काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि म्हणाल्या, "आधी जेव. उपाशी पोटी हसलास तर मला राग यील. जेवून हस." तो पुढं पाच वर्षं जेवायला होता. त्याचं नाव पडवळ.

आपल्या वजनाबद्दल त्या एखाद्या तऱ्हेवाईक माणसाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "माझं वजन बी मेंबरच हाय. जातो म्हणतंय, सामान आवरतंय, आणि दिवाळी झाली की परत दारात उभं." कधी चिडल्या की म्हणायच्या, "अंग माझं हाय, पण ऐकायलंय शेजारणीचं. ती खाते आणि मी फुगते."

सात वर्षांत त्यांनी काय काय केलं ते आठवलं की माझी आजही भूक मरते. दुधीचा रस होता, तो मुख्य. कोबीच्या सुपाचा एक महिना झाला. दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये पाण्याशिवाय काही नाही, असं एक आलं. तेव्हा नाष्टा बंद झाला आणि सकाळच्या शिफ्टचे लोक चौकातल्या वडापाववाल्याकडे चोरून जायला लागले. शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईनं पावडरीचे डबे गळ्यात मारले होते, त्या पावडरीचं दूध एकदा आम्हालाही पाजलं. जवस झाले, मेथीदाणे झाले, ज्वारी बंद नाचणी सुरू, नाचणी बंद ज्वारी सुरू. शेडमधल्या फळ्यावर त्या रोज खडूनं बेत लिहायच्या. डाएटच्या दिवसांत फळ्यावर असायचं : 'आज दुधी. उद्या दुधी. तक्रार करू नये.'

आणि मग एके दिवशी फळ्यावर एकच शब्द असायचा : 'पुरण'.

पुरण म्हणजे डाएट संपलं. कुठल्या डॉक्टरनं, वैद्यानं लिहून दिलेला तक्ता त्या सकाळी फाडून टाकत आणि सगळ्या मेसला पुरणपोळी करत. वर तूप. आम्ही हाणून जेवायचो. त्या दिवशी त्या कुणाशी फारसं बोलत नसत. आमच्या ते कधी लक्षातच आलं नाही. आमची दुधीतून सुटका झालेली असायची ना.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुठलंही डाएट असलं-नसलं तरी सोडली नाही. दर सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला, त्या मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्या चाचांकडे जायच्या. घरगुती वजनाचा काटा त्यांना पुरत नव्हता. दोन काटे त्यांच्या पायाखाली गेले होते. चाचांकडे पोत्यांसाठी जमिनीसपाट मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता. काकू आल्या की चाचा संगणकावर बटण दाबून पाठ फिरवायचे आणि समोरच्या रद्दीकडे बघत उभे राहायचे. "ताई, आकडा तुम्ही बघा. मी नाही बघत." चिठ्ठी छापून आली की काकू ती घ्यायच्या, वाचायच्या, चुरगळून गटारीत टाकायच्या, "येते भाई" म्हणून निघायच्या. मी एकदा त्यांची पिशवी धरायला बरोबर गेलो होतो तेव्हा हे पाहिलं. मलाही त्यांनी सांगितलं, "कारल्या, तू बी फिर तिकडं."

माझं लग्न झालं, मी पिंपळे सौदागरला राहायला गेलो, जेवणं सुटली. कधीतरी सणाला फोन व्हायचा. मग गेल्या वर्षी एका दुपारी हॉस्पिटलात माझ्या डेस्कसमोर काकू उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावून, दम खात. बरोबर त्यांची मुलगी. ती हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे, आईसारखीच सरळ बोलते.

"दादा, आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय," ती म्हणाली. "जठर लहान करायचं. साखर आवरत नाही. झोपेत श्वास थांबतो, मशीन लावून झोपते. गुडघ्याचे डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याला हात लावू. माझ्या कंपनीच्या विम्यात आई आहे. पण मी नोकरी बदलतेय. या महिनाअखेरीला माझा इथला शेवटचा दिवस, आणि नवीन कंपनीच्या विम्यात आई-वडील नाहीत."

"नोकरी बदलायची थांबवता येणार नाही?"

"मी थांबवणार होते. ही थांबवू देत नाही."

काकू म्हणाल्या, "माझ्या पोटासाठी पोरीची नोकरी अडवायची न्हाई. तू कागद पाठव, कारल्या."

महिना संपायला चोवीस दिवस होते. मी कागद पाठवले. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीकडून उलटी विचारणा आली. आमच्या भाषेत क्वेरी. मी ती काकूंना मराठीत सांगितली : शस्त्रक्रिया सोडून वजन कमी करण्याचे जे प्रयत्न पूर्वी केले असतील आणि जे निष्फळ ठरले असतील, त्यांचे पुरावे द्या. तक्ते, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, तारखांसह.

काकूंनी माझ्या हातातला कागद घेतला, इंग्रजी बघून परत दिला.

"मी प्रयत्न केल्याचा पुरावा मागायलेत?"

"हो."

"मग माझ्या जन्मात मी दुसरं केलं काय रे?"

ते खरं होतं. आणि त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. पुरणाच्या दिवशी प्रत्येक तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला होता. "हरलेले कागद घरात ठेवायचे कशाला," त्या म्हणाल्या. निगडीचे वैद्य वारले होते, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. पावडरवाली बाई सोसायटी सोडून गेली होती. एक डॉक्टर सापडले. त्यांनी जुने कागद रद्दीत घातले होते. फक्त पिंपळे सौदागरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे काकूंचं नाव संगणकात निघालं. सहा महिन्यांच्या भेटी, प्रत्येक भेटीचं वजन. त्या बाईंना काकू पक्क्या आठवत होत्या. "दर भेटीला माझ्याशी भांडायच्या, पण एकही भेट चुकवली नाही," त्या म्हणाल्या, आणि लेटरहेडवर तसं लिहून दिलं. भांडणाचं सोडून.

मी ते पाठवलं. उत्तर आलं की हा एकच प्रयत्न, तोही जुना. पुरेसा नाही. पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवशी घरी जाताना मला आमचा ग्रुप आठवला.

मेसमधल्या जुन्या मेंबरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. काकू त्यात नव्हत्या, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. नाव 'दुधीमुक्ती'. शिफ्टवरून उशिरा येणाऱ्यांना बेत कळावा म्हणून कुणीतरी रोज फळ्याचा फोटो टाकायचा, आणि त्याखाली आम्ही सगळे मिळून काकूंच्या डाएटला शिव्या घालायचो. सात-आठ वर्षं. प्रत्येक डाएट कधी सुरू झालं, कधी पुरणावर संपलं, सगळं तारीखवार तिथं पडून होतं. मी ग्रुपवर लिहिलं की काकूंचं ऑपरेशन अडलंय, जुने फोटो शोधा. कुणी पुण्यात होतं, कुणी नाशिकला, चिपळूणचा सगळंच दुबईला. तासाभरात फोटो यायला लागले. सगळंचनं दुबईहून निरोप पाठवला, "काय लागेल ते सांग रे. मी शपथेवर लिहून देतंय की एका महिन्यात बावीस वेळा दुधी खाल्लंय."

पण हे फोटो द्यायचे तर ग्रुप काकूंना दाखवावा लागणार होता. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं काही पाठवता येत नव्हतं, आणि फोटोंच्या वरखाली आम्ही काय काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. दोन दिवस मी ते टाळलं. मग त्यांच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "दाखवा. आईला लपवलेलं जास्त लागतं."

रविवारी मी मेसवर गेलो. दुपारचं वाढून झालं होतं, शेडमध्ये आम्ही तिघंच. काकूंनी चष्मा लावला आणि माझा फोन घेऊन लोखंडी स्टुलावर बसल्या. एक एक मेसेज वाचायला लागल्या. मोठ्यानं.

"'आज पण दुधी. काकूंचं वजन उतरेल तेव्हा उतरेल, माझी पँट उतरायला लागली.' हे कोण? शेपू. मेला." त्या हसायला लागल्या. हसताना त्यांना दम लागायचा, मुलगी पाणी घेऊन आली. "'फळ्यावर पुरण. मंडळी, युद्ध संपलं.' गवार लिहितो बगा चांगलं. 'कोबी आठवा दिवस, मला आता शिंगं फुटणार.' ...हे खोटं. त्या दिवशी कोबी न्हाई, पडवळ होतं. मला आठवायलंय."

असं अर्धा तास चाललं. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. मग त्या एका ठिकाणी थांबल्या आणि ते मोठ्यानं वाचलं नाही. मी वाकून पाहिलं. पडवळानं कधीतरी लिहिलं होतं, 'आपल्याला दुधी घालते आणि स्वतः आत दार लावून काहीतरी हाणत असणार. नाहीतर वजन उतरलं नसतं का?' खाली हसणारे पाच-सहा चेहरे.

"हे एक हसणारं तोंड तुझं हाय का रे?"

"हो काकू. माझं आहे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चष्मा काढून पदरानं पुसला. "सगळं पाठव," त्या म्हणाल्या. "हे बी पाठव. गाळू नको काही."

मी काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, "पाठव म्हणलं ना. चहा घेऊन जा."

फोटोंवरून सात डाएटांच्या तारखा लागल्या. तरी मला माझं काम माहीत होतं. फळ्यावर दुधी लिहिली म्हणजे वजन उतरलं-चढलं हे सिद्ध होत नाही. वजनाच्या नोंदी हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी हॉस्पिटलला जाताना मी चाचांच्या दुकानात गेलो आणि विचारलं, तुमच्या मशीनमध्ये जुनं काही राहतं का.

चाचांनी मला आत बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशीन दोन चिठ्ठ्या काढतं. एक गिऱ्हाइकाला, नुसत्या वजनाची. एक दुकानाला, मालाच्या नावासकट. दुकानाची मी कधी फेकत नाही, उद्या कुणी वजनावरून भांडलं तर?" ते माळ्यावर चढले आणि तारेत ओवलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे खाली सोडायला लागले. वर्षावार बांधलेले. मी म्हणालो, "यातल्या काकूंच्या कुठल्या हे कसं कळणार?"

"माल बघ."

प्रत्येक चिठ्ठीवर मालाचा रकाना होता. पत्रा, पुठ्ठा, तांबं, लोखंड. आणि दर सोमवारच्या पहिल्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, अमानत.

"माल टाकल्याशिवाय मशीन वजन घेत नाही," चाचा म्हणाले. "भंगार कसं लिहू? विश्वासानं येत होत्या. मग हेच लिहिलं, सांभाळायला दिलेली ठेव." गठ्ठे त्यांनी जुन्या साखरेच्या पोत्यात भरले, तोंड सुतळीनं बांधलं. "मी बघितल्या नाहीत. तू पण वाचू नको, त्यांनाच दे. त्या म्हणाल्या तर वाच."

मी पोतं तसंच काकूंकडे नेलं. त्यांनी सुतळी सोडली, वरची चिठ्ठी हातात घेतली, इंग्रजी अक्षरं एकेक लावत मालाचा रकाना वाचला. मग मुलीला म्हणाल्या, "ऑफिसातून सुट्टी काढ. बसू तिघं."

दोन दिवस आम्ही शेडमध्ये त्या चिठ्ठ्या लावत होतो. मुलीनं संगणकावर आलेख काढला. रेघ खाली जायची, थांबायची, पुन्हा वर चढायची, आणि चढताना आधीच्यापेक्षा थोडी वर जाऊन बसायची. सात वेळा. प्रत्येक उताराच्या सुरुवातीला फळ्यावरची पहिली दुधी होती आणि प्रत्येक तळापाशी पुरण. आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या पत्रात ज्या सहा महिन्यांची वजनं होती, ती भंगाराच्या काट्याशी जुळत होती. अर्ध्या किलोचाही फरक नव्हता. ते दिसलं तेव्हा मुलगी टेबलावर हात आपटून म्हणाली, "दादा, हे जुळतंय म्हणजे बाकीचंही खरं धरावंच लागेल." मी आयुष्यात बऱ्याच फायली पाठवल्या, इतक्या ताठ मानेनं एकही पाठवली नव्हती.

उत्तर आलं की कंपनीच्या वैद्यकीय अधिकारी पेशंटशी बोलणार आहेत. व्हिडिओ कॉलवर, माझ्या डेस्कवरून. आठ दिवस राहिले होते.

त्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या. पडद्यावर मध्यम वयाच्या एक डॉक्टर बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. समोर आमची फाइल. त्यांनी साखर, झोप, गुडघे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "या वजनाच्या चिठ्ठ्यांवर 'अमानत' असं लिहिलंय. ते काय आहे?"

"ते माझं नाव हाय," काकू म्हणाल्या. "भंगाराच्या दुकानातलं."

डॉक्टर बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. "एक विचारते, राग मानू नका. इतक्या वेळा सुरू केलंत, वजन उतरलंही. मग दर वेळी सोडलं का?"

मी काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत आहे असं वाटायचं.

"भूक लागायची," काकू म्हणाल्या. "दुसरं काही न्हाई, ताई. लोकांना वाटतं जिभेचं हाय. या पोरांना बी वाटायचं, मी आत दार लावून गोडधोड खाते. ते कागदात हाय, तुमी वाचलं असंल. खात होते, खोटं कशाला बोलू. पण गोडधोड न्हाई. दोन महिने, तीन महिने निभायचं, एकदा सहा महिने निभलं. मग पहाटं चारला उठायचे, कणीक मळायच्या आधी, तर हात असे थरथर करायचे. मग शिळी भाकर पाण्यात बुडवायची आणि उभ्यानं खायची. मीठ बी न्हाई. आन् खाऊन झाल्यावर त्याच हातानं चाळीस माणसांच्या पोळ्या लाटायच्या. असं आठ-दहा दिवस झालं की मला माझीच शरम वाटायची. मग मी तक्ता फाडायचे. चोरून खाण्यापेक्षा सगळ्यांना घेऊन उजेडात खाल्लेलं बरं, म्हणून पुरण घालायचे."

मुलगी खाली बघत होती. माझ्या डोळ्यांसमोर पुरणाचे ते सगळे दिवस आले, आम्ही तूप मागून मागून घेतलेले.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "भुकेची शरम बाळगू नका. हे शरीर असंच वागतं, वजन उतरलं की ते भूक वाढवतं. त्यासाठीच हे ऑपरेशन असतं." मग जरा थांबून, "मी माझा अभिप्राय लिहिते."

कॉल संपला. काकूंनी मला विचारलं, "जास्त बोलले का रे?"

"नाही काकू."

"मग डोळे पूस. पेशंट बघायलेत."

दोन दिवसांनी, बारा वाजायच्या सुमारास, मंजुरी आली. काकू त्या दिवशी रक्त तपासायला आल्या होत्या, खालीच बाकावर बसल्या होत्या. मी जिना उतरून गेलो आणि सांगितलं. मुलीनं आईचा हात घट्ट धरला. काकू म्हणाल्या, "काय लिहिलंय ते सगळं वाच. मराठीत वाच."

मी वाचलं. मंजूर रक्कम, हॉस्पिटलचं नाव, आणि खाली अभिप्राय : रुग्णाने शस्त्रक्रियेविना वजन कमी करण्याचे पुरेसे व सातत्यपूर्ण प्रयत्न केल्याचे नोंदींवरून सिद्ध होते, ते प्रयत्न निष्फळ ठरल्याचे मान्य.

"पुन्हा वाच. ते शेवटचं."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी प्रयत्न केले, हे त्यांना मान्य हाय."

"हो."

"लिहून दिलंय. शिक्का हाय?"

"सही आहे, काकू. शिक्का पण आहे."

"त्याची एक मोठी झेरॉक्स काढ," त्या म्हणाल्या. "मराठी करून. आन् सही-शिक्क्याचं इंग्रजी बी लाव खाली."

ऑपरेशन महिना संपायच्या तीन दिवस आधी झालं. मुलीच्या ऑफिसात तिचा निरोपाचा केक कापला जात होता त्या दुपारी काकूंना घरी सोडलं. पहिले महिने कठीण गेले. चार चमचे पातळ वरण खाऊन पोट भरायचं आणि त्या वाटीकडे अविश्वासानं बघत बसायच्या. मेस गवारीच्या बायकोनं आणि दोन मावशांनी चालवली. दिवाळी आली आणि गेली, वजन परत आलं नाही. साखरेच्या गोळ्या तीनावरून एकावर आल्या. झोपेचं मशीन मुलीनं डब्यात घालून माळ्यावर टाकलं. आता त्या सकाळी आकुर्डी स्टेशनपर्यंत चालत जातात आणि परत येऊन कणीक मळतात. मला एकदा म्हणाल्या, "भूक लागते रे, पण माणसासारखी लागते."

परवाच्या रविवारी मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याच दिवशी लातूरहून त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. काटक, खणखणीत आवाजाची बाई. दारातच काकूंना खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बारीक झालीस की. ऑपरेशन केलंस म्हणं. एवढं पोट कापून घेण्यापरीस तोंडाला जरा आवर घातला असतास तर? आमी म्हणतच होतो की तुला, तीस वर्षं."

काकूंनी जाऊबाईंची पिशवी घेतली, पाणी दिलं, आणि मग भिंतीकडे बोट दाखवलं. देवांच्या तसबिरीशेजारी ती मोठी झेरॉक्स होती, लॅमिनेशन करून, चारी कोपऱ्यांना खिळे मारून.

"अक्का, चष्मा हाय ना? ते वाचा."

"काय हाय ते?"

"वाचा तर. मोठ्यानं वाचा."

जाऊबाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या. अडखळत, एकेक शब्द लावत वाचू लागल्या. 'सातत्यपूर्ण'ला जरा अडल्या, पुन्हा मागे जाऊन नीट म्हणाल्या. 'प्रयत्न केल्याचे नोंदींवरून सिद्ध होते' इथवर आल्यावर त्यांचा आवाज खाली आला. शेवटची ओळ त्यांनी ओठांतच वाचली. मग सही पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे सरकारचं हाय?"

"विमा कंपनीचं हाय. त्यांच्या डॉक्टरीणबाईचं."

जाऊबाई तिथंच उभ्या राहिल्या. काकू ताटं मांडायला लागल्या होत्या.

"झालं वाचून?"

"झालं."

"मग बसा आता," काकू म्हणाल्या. "वाढते."